इतिहास घेतला तर पोरगी करणार काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत चर्चा एकच. सी.ए. की बी.बी.ए., फार्मसी की इंजिनिअरिंग. त्यात एखादी मुलगी "मला इतिहास घेऊन बी.ए. करायचंय" म्हणाली, की ताटावरचे हात थांबतात. मग कुणीतरी काकू समजुतीने म्हणतात, "असू दे, लग्न होईपर्यंत काहीतरी शिकलेलं बरं." मैत्रिणींनो, मला या वाक्याचा राग येतो. इतिहास म्हणजे वेळ काढायचा विषय, असं आपणच ठरवून टाकलंय.

पण म्हणून उगाच गोड बोलणंही मला पटत नाही. नुसत्या पदवीवर फारसं काही मिळत नाही, हे मुलीला आधीच सांगावं. नेट-सेट झालेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. स्पर्धा परीक्षेला इतिहासाचा उपयोग होतो हे खरं, पण त्या एकाच परीक्षेवर पोरीची चार-पाच वर्षं लावायची हे मला धोक्याचं वाटतं. माझं म्हणणं साधं आहे. पदवीच्या वर्षांतच हाताला एक जास्तीचं काम यायला हवं, आणि त्यात पहिला नंबर मी लिपीला देते.

मोडीचंच घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसूल, खरेदीखतं, सावकारी सगळं मोडीत चालायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशी कोट्यवधी पानं आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जमिनीचे वाद, वारसाहक्क, देवस्थानांच्या सनदा, यासाठीही लोक जुने कागद घेऊन वाचणाऱ्याचं दार शोधत असतात. हे काम घरी बसूनही होतं. सासरी गेली तरी सुटत नाही, बदलीच्या गावी गेली तरी सुटत नाही.

दुसरं काम तर आपल्या उंबऱ्यातलंच आहे. आपल्या ग्रंथभांडारांतल्या पोथ्यांना आपण वेष्टनं बदलतो, ज्ञानपंचमीला पूजा करतो, वाचतं कोण? ब्यूलरसारख्या विद्वानांनी सरकारसाठी जमवलेला हस्तलिखितांचा संग्रह १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे आला, त्यातही जैन पोथ्या पुष्कळ आहेत. पोथीच्या शेवटी प्रशस्ती असते. कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कुणी लिहिली, कुणी लिहवून घेतली. तिथे श्राविकांची नावं सापडतात बरं का! कुणाची बायको, कुणाची मुलगी, कुणाच्या पुण्यार्थ पोथी करवली, सगळं. त्या काळच्या बायकांच्या हाती पैसा होता का, तो त्या कशावर खर्चायच्या, हे सांगणारा इतका थेट कागद दुसरा क्वचितच मिळेल. पण तो वाचायला थोडी प्राकृत, थोडी संस्कृत आणि पडिमात्रेची ओळख लागते. पडिमात्रा म्हणजे मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी काढायची जुनी पद्धत. सरावाने जमते.

आणि आता सरकारचंही लक्ष इकडे वळलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' योजना आली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद करायची म्हणून. फोटो यंत्र काढेल, पण सूची करायला त्या पानावर काय लिहिलंय हे कळणारं माणूस लागेल. ती मुलगी आपल्या घरातली का नसावी?

बाकी वाटा आहेतच. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए., वस्तुसंग्रहालयातलं काम, पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तिथे नीट माहिती सांगणारे वाटाडेही लागणार. वकिलीत तर इतिहासवाल्या मुलींची सवय फार कामाला येते. कागद कुणी लिहिला, कधी, कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत. (घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशी एक तरी हवीच. "हे कुठे लिहिलंय?" एवढं विचारलं की अर्धे फॉरवर्ड थंडावतात.)

सुरुवातीला पैसा कमी, हे मान्य. पण सी.ए.च्या आर्टिकलशिपमध्ये पोरं तुटपुंज्या स्टायपेंडवर राबतात, तेव्हा आपण कौतुकाने डबे भरून देतोच ना?

प्रवेश घेताना कॉलेजला मात्र विचारा. मोडी शिकवता का? मुलांना दफ्तरखाना दाखवायला नेता का? "नाही" म्हणाले, तर बाहेरचा वर्ग शोधायचा, आणि तोही पहिल्याच वर्षी. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, परीक्षा आणि घरात येणारी स्थळं, यांत लिपीचा सराव मागे पडतो.