बंद गाडी गॅरेजपर्यंत आणायचे पैसे कोण देणार?



मागे एकदा अंबडला एका गॅरेजवाल्या मित्राकडे बसलो होतो. माझ्या कोटेशनच्या बॅचला येऊन गेलेला, हाताला काम चांगलं. चहा अर्धा झाला नव्हता तोच बाहेर पिकअप येऊन थांबली आणि तिच्यामागे दोराला बांधलेली एक जुनी जीप. चांदवडकडे एका मळ्यात सात-आठ वर्षं उभी होती, गिऱ्हाइकाला ती पुन्हा नव्यासारखी करून हवी होती. साठ-पासष्ट किलोमीटर, तेही आग्रा हायवेने, दोरावर.

जीपच्या स्टिअरिंगवर गॅरेजमधलाच एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याला विचारलं, "ब्रेक होते का रे?" तर म्हणाला, "पिंपळगावपर्यंत लागत होते सर. मग गिअरवर सांभाळली."

आणि मालक मला कौतुकाने सांगत होता, "बघा सर, गाडी फुकटात आली."

तुमच्यापैकी जे जुन्या गाड्या उभ्या करायचं काम करतात, किंवा करायचं म्हणतात, त्यांच्यासाठी आजचा विषय हा. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोर हा गॅरेजवाल्याच्या अडाणीपणामुळे येत नाही, तो कोटेशनमधल्या चुकीमुळे येतो. त्या मित्राचं कोटेशन मी मागून घेतलं. डेंटिंग, पेंटिंग, इंजिन, वायरिंग, सीटा, हूड, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. गाडी आणायची ओळच नव्हती. म्हणजे तो खर्च त्याच्या नफ्यातून जाणार. मग माणूस फ्लॅटबेडला फोन कशाला करेल? घरची पिकअप आहे, दोर आहे, पोरगा आहे.

आता दोरावर नेमकं काय होतं ते बघा. सात-आठ वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकमधलं रबर किट सुकलेलं असतं. पहिले चार दाब बरे लागतात म्हणून आपण खूश होतो, आणि गरम झाल्यावर, दाब वाढल्यावर ऑइल गळायला लागतं. गाडी थोडी नवी असेल तर आणखी वेगळं: इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद. एक-दोन दाबांत साठलेला व्हॅक्यूम संपला की पॅडल दगडासारखं. पॉवर स्टिअरिंगही मेलेलं. टायरला नक्षी भरपूर दिसते, पण बाजूने बारीक चिरा गेलेल्या असतात. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागच्याच्या हातात काहीच नसतं. पाच मीटरवर पिकअपचं फाळकं, आणि ते त्या पोराच्या छातीच्या उंचीला.

पाच मीटर मी अंदाजाने म्हटलं नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांत टोइंगसाठी दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको असं लिहिलं होतं. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी. आणि हे सगळं कशासाठी, तर बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजला किंवा पंपावर न्यायला, नाहीतर डिलिव्हरीला. २४ च्या वेगाने चांदवड ते नाशिक किती वेळ लागेल, हिशोब करा. पावणेतीन तास, हायवेवर, मागून ट्रेलर येत असताना. आपल्याकडे ते कोणी पाळत नाही, सगळे पन्नासने ओढतात.

मित्राचा लगेच प्रश्न: "काही झालंच असतं तर गाडी गिऱ्हाइकाची ना सर?"

नाही. गाडी ताब्यात घेतली त्या क्षणी तुम्ही तिचे राखणदार झालात. आपला कराराचा कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १५१ व्या कलमाचा अर्थ साध्या भाषेत इतकाच की दुसऱ्याची वस्तू तुमच्याकडे सोपवली असेल तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. ब्रेक नसलेली गाडी दोराने हायवेवर ओढणं या मापात कसं बसवणार? आणि तो पोरगा कामावर असताना जखमी झाला तर नुकसानभरपाईचा कायदा मालकालाच विचारतो. जीपची इन्शुरन्स तर बहुतेक वेळा कधीच संपलेली असते. (ते पोरगं घरी एकटं कमावतं, हे मला नंतर कळलं.)

मग करायचं काय? फ्लॅटबेड. चारही चाकं जमिनीवरून वर. नुसती पुढची चाकं उचलणारी क्रेन शहरातल्या शहरात चालेल असं बरेच जण म्हणतात, पण फोर बाय फोर जीप असेल आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला नसेल तर आणताना वाचवलेले पैसे गिअरच्या कामात जातील. ऑटोमॅटिक गाडीचंही तेच, इंजिन बंद असताना तिच्या गिअरबॉक्सला तेल पोचत नाही.

'छोटा हत्ती'वर चढवतो म्हणणारेही भेटतील. तो पाऊण टनाचा. जुनी विलीज जीपसुद्धा अकराशे किलोच्या आसपास भरते. गाडी मागवताना आधी वजन सांगा, मग लांबी-रुंदी टेपने मोजून सांगा. चाकं फिरतात का, स्टिअरिंग लॉक निघतं का, हेही सांगा, कारण न फिरणारी गाडी विंचने ओढावी लागते. विंच चालू असताना तारेच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि चढणाऱ्या गाडीच्या मागे तर अजिबात नाही. तार तुटली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

बांधताना रॅचेट बेल्ट चार ठिकाणी, बंपरला नाही, अ‍ॅक्सलला. बॉडीला बांधलं की स्प्रिंग दबते-सुटते आणि बेल्ट सैल पडतो. चाकांपुढे-मागे लाकडी गुटके. बॅटरीची वायर काढलेली, बोनेट आणि दरवाजे बांधलेले, टाकीतलं जुनं पेट्रोल शक्यतो आधीच काढलेलं. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा आवळायचे. ड्रायव्हर कंटाळा करतो, तुम्ही सोबत असाल तर करत नाही. आणि चढवण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंचे फोटो, गिऱ्हाइकासमोर.

गिऱ्हाईक पैसे देईल का? समजा काम तीन लाखांचं आहे आणि वाहतूक सहा हजार. दोन टक्के. जो माणूस जुन्या जीपवर तीन लाख घालतोय, तो तिच्या जिवासाठी सहा हजार देतो. फक्त त्याला ते पहिल्याच कागदावर, पहिल्याच ओळीत दिसलं पाहिजे. शेवटच्या बिलात घुसडलंत तर भांडणारच.

मित्राची पुढची गाडी सिन्नरहून आली, एक पद्मिनी. कोटेशनची पहिली ओळ: 'गाडी आणणे, फ्लॅटबेडने, बांधणीसह.' गिऱ्हाइकाने घासाघीस केलीच. मित्राने पॉलिशमध्ये पाचशे सोडले, पहिल्या ओळीतून एक रुपया नाही.