कजा रोजे : ऋण तिचे, सोय घराची

रमजानचा शेवटचा टप्पा सुरू झाला आहे. थोड्याच दिवसांत ईदचा चंद्र दिसेल, घराघरांत शीरखुर्मा शिजेल आणि महिनाभराची सहेरीची लगबग थांबेल. घरातील पुरुषांचा रमजान बहुधा तिथे संपतो. बायकांचा मात्र संपत नाही. पाच, सहा, सात रोजे त्यांच्या नावावर उरलेले असतात. तेच कजा रोजे. रमजानच्या रोज्यांचे कौतुक सगळे करतात. या उरलेल्या रोज्यांविषयी मात्र घरात कुणी बोलत नाही. म्हणून ईदच्या खरेदीची यादी करतानाच या दुसऱ्या यादीचाही विचार व्हावा, असे मला वाटते.

रमजानचे रोजे फर्ज आहेत, म्हणजे अनिवार्य आहेत. पण ज्या आयतींनी ते अनिवार्य केले, त्याच आयतींनी सवलतही दिली. कुरआनच्या सूरह बकरामधील 183 ते 185 या तीन आयती एकत्र वाचल्या की हे स्पष्ट होते. जो आजारी आहे किंवा प्रवासात आहे, त्याने सुटलेल्या रोज्यांची संख्या इतर दिवसांत पूर्ण करावी, असा आदेश तिथे आहे. त्याच ओघात अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हेही सांगितले आहे. म्हणजे कजा ही शिक्षा नव्हे, ती मुदत वाढवून दिलेली उपासना आहे. प्रवासात उन्हाने बेजार झालेल्या एका रोजेदाराभोवती लोक सावली धरून उभे होते. ते पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासात असा रोजा ठेवणे हे काही पुण्य नाही, असे बजावल्याचे हदीसमध्ये आले आहे. सवलत नाकारण्यात धार्मिकता नाही, हाच त्याचा अर्थ.

स्त्रियांच्या बाबतीत हा नियम आणखी स्पष्ट आहे. मासिक पाळीच्या आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या दिवसांत रोजा ठेवणे मनाईच आहे. त्या दिवसांत रोजा न ठेवणे हेच आज्ञापालन आहे. त्या दिवसांतील नमाज माफ आहे, तिची कजा नाही. रोज्यांची मात्र कजा आहे. असा फरक का, हा प्रश्न हजरत आयेशा (रजि.) यांनाही विचारला गेला होता. आम्हाला रोज्यांची कजा करण्याचा हुकूम होता, नमाजच्या कजाचा नव्हता, असे त्यांनी उत्तर दिले. सहीह मुस्लिममध्ये ते नोंदलेले आहे. नंतरच्या विद्वानांनी कारणही सांगितले : नमाज रोज पाच वेळा, दर महिन्याला, तिची भरपाई करायची तर ओझे होईल. रोजे वर्षातून एकदाच येतात, त्यांची भरपाई शक्य आहे.

शक्य आहे, हे खरे. पण सोपे आहे का? साधा हिशेब करून पाहू. वर्षाला सहा रोजे सुटतात असे धरले, तर पस्तीस वर्षांत 210 रोजे होतात. म्हणजे सात रमजान! आयुष्यातील सात रमजान एक स्त्री ईदनंतर, एकटीने, बाकी जग जेवत असताना पूर्ण करते. त्यात गरोदरपण आणि अंगावर पाजण्याची वर्षे आली की एकेका मुलामागे तीस-साठ रोज्यांची भर पडू शकते.

आणि हे रोजे होतात कसे? रमजानमध्ये सारे घर सहेरीला उठते, गल्लीत जाग असते, मशिदीच्या भोंग्यावरून वेळ सांगितली जाते, इफ्तारला दस्तरखान सजतो. कजा रोज्याच्या पहाटे ती एकटी उठते. कुणाची झोप मोडू नये म्हणून भांड्यांचा आवाज न करता रात्रीचे उरलेले खाऊन घेते. मग मुलांचे डबे, दुपारचा स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा, नोकरी असेल तर लोकलची गर्दी. ऑफिसात कुणी विचारते, ‘रमजान तर संपला, आता कसला उपवास?’ काय सांगणार? ती हसून विषय बदलते. संध्याकाळी मगरिबची अजान होते तेव्हा कुकरची शिट्टी होत असते. एक खजूर आणि घोटभर पाणी, तेही ओट्यापाशी उभ्यानेच. अनेक घरांत तिचा रोजा होता हे रात्री जेवताना कळते. काही घरांत तेव्हाही कळत नाही.

रमजानमध्ये याची दुसरी बाजू दिसते. ज्या दिवसांत तिला रोजा नसतो, त्या दिवसांतही सहेरी आणि इफ्तार तिच्याच हातचे असतात. पण स्वतः दोन घास खायचे तर दार लोटून, पाठमोरे बसून. शरिअतने उघडपणे दिलेली सवलत आपण तिला चोरून घ्यायला लावतो. रोजेदारांसमोर न खाणे ही अदब झाली, ती असावीच. पण अदब वेगळी आणि लाज वेगळी. मुलगी वयात येते तेव्हा ती आईकडून आधी ही लाजच शिकते आणि कजाचे नियम तिला फार उशिरा कळतात.

या बाबतीत प्रेषितांच्या घराचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, त्यांच्याकडे रमजानचे रोजे बाकी असत आणि ते त्यांना शाबान महिन्यातच पूर्ण करता येत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. शाबान म्हणजे पुढच्या रमजानच्या अगदी आधीचा महिना. दहा महिने निघून जात. या हदीसच्या आधारे विद्वानांनी कजा लांबवण्याची मुभा मान्य केली. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रेषितपत्नी ही बाब निःसंकोच सांगतात, ऐकणारे ती नोंदवतात आणि चौदाशे वर्षे ती शिकवली जाते. आपल्या घरात मात्र ती कुजबुजीतच राहते.

नियम माहीत असले तर निम्मे ओझे उतरते. कजा रोजे सलग ठेवणे आवश्यक नाही. आठवड्याला एक ठेवला तरी चालतो. दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस सोडून वर्षभर ते ठेवता येतात. नियत मात्र पहाट होण्याआधी, रात्रीच करावी लागते. सकाळी उठून ठरवलेला रोजा कजा म्हणून धरला जात नाही. भुलून काही खाल्ले-प्यायले तर रमजानप्रमाणेच हाही रोजा मोडत नाही. रोजा उन्हाळ्यात सुटला म्हणून उन्हाळ्यातच ठेवला पाहिजे, असेही नाही. मुंबईत मे-जूनचा रोजा साधारण साडेचौदा तासांचा होतो, डिसेंबरचा सव्वाबारा तासांचा. दोन तासांची ही सूट निसर्गाने दिलेली आहे, ती घ्यावी. शव्वालचे सहा नफील रोजे आधी की कजा आधी, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण फर्जाचे ओझे आधी उतरवणे चांगले, हे सहसा सगळेच सांगतात.

सर्वांत मोठा गोंधळ फिदियाचा आहे. ‘रोजे सुटले ना? गरिबाला धान्य दे, झाले’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. फिदिया, म्हणजे एका रोज्यामागे एका गरिबाचे अन्न, हा अतिवृद्धांसाठी आणि बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णांसाठी आहे. ज्याला पुढे रोजा ठेवता येईल त्याने रोजाच ठेवायचा. हनफी पंथात गरोदर आणि स्तनदा मातेवर फक्त कजा आहे, फिदिया नाही. आपल्या कोकणातील मुस्लिम समाज बहुतांशी शाफई पंथाचा आहे. त्या पंथात आईने स्वतःच्या प्रकृतीच्या भीतीने रोजा सोडला तर फक्त कजा. केवळ बाळाच्या काळजीने सोडला तर कजा आणि सोबत फिदियाही. सबळ कारण नसताना पुढचा रमजान येईपर्यंत कजा राहिली, तर शाफई मताप्रमाणे प्रत्येक रोज्यामागे एक मुद्द धान्य द्यावे लागते. हनफी मताप्रमाणे केवळ कजा पुरते. रत्नागिरीची मुलगी औरंगाबादच्या घरात सून म्हणून आली, तर एकाच स्वयंपाकघरात दोन नियम असू शकतात. दोन्ही बरोबर आहेत. सासूने सुनेला दटावण्यापेक्षा दोघींनी आपापल्या आलिमांना विचारावे.

याउलट टोकही दिसते. इन्सुलिन घेणारे, डायलिसिसवरचे वडीलधारे डॉक्टर नको म्हणत असताना हट्टाने रोजा ठेवतात आणि घर धास्तावते. फिदियाची तरतूद खास अशांसाठीच आहे. हनफी हिशेबाने एका रोज्याचे साधारण 1.6 किलो गहू किंवा त्याची किंमत. तो देणे म्हणजे रोजा विकत घेणे नव्हे, अल्लाहने दाखवलेल्या दुसऱ्या वाटेने जाणे होय.

काहीजण म्हणतील, रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील मामला आहे. तिची कजा ती करील, त्यात घराचा काय संबंध? रोजा तिचाच आहे, तो दुसरे कुणी ठेवू शकत नाही, हे मान्य. पण रमजानमध्ये आपले रोजेही केवळ आपल्या बळावर होत नाहीत. कुणी तरी आधी उठून चूल पेटवते म्हणून सहेरी होते. ते सहकार्य आपण महिनाभर घेतो आणि तिची पाळी आली की मामला खासगी होतो, हा न्याय नव्हे. शिवाय प्रेषितांनी सुटलेल्या रोज्यांना कर्जाची उपमा दिली आहे. एकाने येऊन विचारले की, आई वारली, तिच्यावर महिन्याचे रोजे बाकी होते, काय करू? प्रेषितांनी उलट विचारले की, तिच्यावर कुणाचे कर्ज असते तर फेडले असतेस ना? मग अल्लाहचे कर्ज फेडले जाण्याचा हक्क अधिक आहे. आईच्या पश्चात ते कसे फेडावे, याच्या तपशिलात पंथांचे मतभेद आहेत. पण घरातले माणूस त्या कर्जाबाबत बेफिकीर राहू शकत नाही, हे सर्वांना मान्य आहे. मृत्यूनंतर आईच्या रोज्यांची चिंता करणारा मुलगा तिच्या हयातीत एक दिवस सहेरीला उठू शकत नाही काय?

करायचे फार थोडे आहे. बाकी रोजे एका वहीत लिहून ठेवावेत. ती वही तिचीच असावी, तिची तपासणी कुणी करू नये. पण तिने ‘उद्या माझा रोजा आहे’ असे सांगितले, तर नवऱ्याने कारण विचारू नये, गजर लावावा. त्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत. दुपारचे जेवण मुलांनी आणि पुरुषांनी वाढून घ्यावे, संध्याकाळची भाजी दुसऱ्या कुणी फोडणीला टाकावी आणि मगरिबला तिला बसून रोजा सोडू द्यावा. सासू, सून, लेक यांनी हिवाळ्यात ठरवून एकाच दिवशी कजा ठेवली, तर घरात पुन्हा रमजानसारखे वातावरण होते. मशिदीच्या इमाम साहेबांनी ईदनंतरच्या एखाद्या जुम्याला बयानात हा विषय घेतला, तर पुरुषांच्याही कानावर तो पडेल. कारण सोय करायची आहे ती त्यांनाच.

यंदाचा ईदचा चंद्र पाहताना तिच्या हिशेबात किती रोजे उरले आहेत, हे तिला ठाऊक असेल. ते फेडायला तिच्याकडे अकरा महिने आहेत. त्यातल्या काही पहाटे तिच्याबरोबर घरातले आणखी कुणी जागे असावे, एवढेच मागणे आहे.