कवटी मोजून गुन्हेगार सापडतो काय?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात की सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला लागतो. सहलीला गेलेल्यांना तिथला पाणीमहाल आठवत असेल. १८५३ पासून १८५७ पर्यंत त्या मुलखाचा कारभार फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी पाहत असे. त्याचे नाव मात्र त्याआधीच झाले होते, ते १८३९ साली निघालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीमुळे. निजामाच्या नोकरीत असताना त्याने पकडलेल्या ठगांच्या जबान्या ऐकल्या होत्या. त्यांतूनच अमीर अली हा कादंबरीचा नायक उभा राहिला. रुमालाने वाटसरूंचे गळे आवळणारा हा माणूस एका साहेबापुढे शांतपणे आपली हकीकत सांगत जातो.

ही कादंबरी तुम्ही मोठेपणी जरूर वाचा. साहेबी दृष्टी तिच्यात आहेच. पण माणूस खुनी का होतो, हा प्रश्न तिने धीटपणे विचारला आहे. तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमीर अली ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. ठगांनी त्याच्या आईबापांना मारले आणि त्यांच्या म्होरक्याने त्या पोराला आपला मुलगा म्हणून वाढवले. म्हणजे ठग जन्मत नाही, घडवला जातो, हे खुद्द या कथेतच आले आहे.

त्या काळचे ‘शास्त्र’ मात्र निराळेच सांगत होते. व्हिएन्नाच्या डॉ. गाल यांच्या मते मेंदूत प्रत्येक गुणावगुणाचे वेगळे इंद्रिय असते आणि ते मोठे असेल तर त्या जागी कवटीवर उंचवटा येतो. या मस्तिष्कविद्येचे एक मंडळ एडिंबरोत होते. १८३३ च्या सुमारास मध्य भारतातील सागर येथून डॉ. स्प्राय यांनी फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या तिकडे पाठवल्या. मापे घेतली गेली. गंमत अशी, की ‘संहारवृत्ती’चा उंचवटा त्यांपैकी एकाही कवटीवर विशेष ठळक निघाला नाही! आता सिद्धान्त सोडून द्यायला हवा होता की नाही? पण पंडित म्हणाले, ठग खून करतात ते लोभापायी, संहाराच्या आवडीने नव्हे. तेव्हा आमचे म्हणणे खरेच आहे. उंचवटा असला तरी खरे, नसला तरी खरे! जो सिद्धान्त कोणत्याही मापाने खोटा ठरूच शकत नाही, तो आम्ही पदार्थविज्ञानवाले दारातही उभा करणार नाही.

ही विद्या पुढे मागे पडली, पण गुन्हेगारी रक्तात असते ही समजूत राहिली. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, अशा युक्तिवादावर १८७१ साली ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ झाला. त्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्याची खूण आमच्या सोलापुरात आजही आहे. ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखली जाणारी वस्ती ती हीच. तारेच्या कुंपणात कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली. रोज हजेरी द्यायची आणि परवान्यावाचून बाहेर पडायचे नाही. माणसे गिरणीत कापड विणत आणि पुन्हा कुंपणात परतत. त्यांच्या पोरांनी काय गुन्हा केला होता? हा कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही. १९८७ साली निघालेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त त्याचा अनुभव आहे.

शास्त्रीय उत्तर त्याआधीच मिळाले होते, हे विशेष. इंग्लंडमधील तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापे घेतली आणि ती सैनिक, विद्यार्थी अशा तुरुंगाबाहेरच्या माणसांच्या मापांशी ताडून पाहिली. गुन्हेगाराची म्हणून अशी वेगळी शरीरठेवण सापडत नाही, असे त्यांनी १९१३ साली लिहिले. नुसते चोर मोजून भागत नाही, सावही मोजावे लागतात!

आज कवट्यांच्या जागी यंत्रे आली आहेत. पॉलिग्राफ नाडी, रक्तदाब, श्वास आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजतो. घाम आला की त्यातल्या क्षारांमुळे त्वचेतून वीज सहज वाहते. हे माप बिनचूक असते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण घाम खोटे बोलल्याचा की भीतीचा, हे गॅल्व्हानोमीटरचा काटा कसा सांगणार? ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. न्यायालयाने मुख्यतः व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार केला. मला तो निर्णय विज्ञानाच्या दृष्टीनेही योग्य वाटतो.

आता एक प्रयोग करा. वर्गातल्या चाळीस जणांच्या डोक्यांचा घेर टेपने मोजा आणि आलेखाच्या कागदावर तो गणिताच्या गुणांसमोर मांडा. बिंदू एका रेषेत येतात की विखुरतात, ते पाहा. टेप धरणाऱ्याला मात्र कोणाचेही गुण आधी कळता कामा नयेत, नाहीतर हुशार मुलाच्या डोक्याभोवती टेप नकळत सैल धरली जाते.