इमामसाहेबांची गोष्ट आणि आपले मोहल्ले

अमेरिकेत दरवर्षी मे महिन्यात पुलित्झर पुरस्कार जाहीर होतात. त्यातला एक पुरस्कार 'फीचर'साठी, म्हणजे माणसांमध्ये राहून, वेळ देऊन लिहिलेल्या दीर्घ वृत्तलेखासाठी असतो. १९७९ पासून तो दिला जातो. २००७ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सच्या अँड्रिया एलियट यांना मिळाला. विषय होता ब्रुकलिनच्या बे रिज भागातील मशिदीचे इमाम, मूळचे इजिप्तचे शेख रेदा शाता.

९/११ नंतरचे ते दिवस. मशिदींवर पोलिसांची नजर होती. अशा वेळी एलियट कित्येक महिने इमामसाहेबांसोबत फिरल्या. मार्च २००६ मध्ये तीन भागांत मालिका छापून आली. हराम वस्तू विकल्या जातात तिथे नोकरी करावी का, मुलीसाठी स्थळ कुठे शोधावे, पोलिसांशी कसे वागावे, असे नाना प्रश्न घेऊन लोक इमामांकडे येत. अमेरिकन वाचकाला त्यात संशयित नाही, जबाबदारीने वाकलेला एक माणूस दिसला.

त्याच वर्षी, ८ सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले. मेलेले बहुतेक आपलेच आणि पकडलेले नऊ जणही आपलेच. अटकेच्या बातम्या ठळक अक्षरांत आल्या. वर्षानुवर्षे तुरुंगात काढल्यावर २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. मधल्या काळात त्यांच्या घरची चूल कशी पेटली, मुलांच्या शाळेचे काय झाले, यावर मराठीत किती लेख वाचल्याचे आपल्याला आठवते?

दोष केवळ हेतूचा नाही. फीचरला वेळ लागतो, पैसा लागतो. बातमी तासाभरात होते. म्हणूनच असे पुरस्कार महत्त्वाचे. संपादकाला ते सांगतात की, हा खर्च वाया जात नाही.

पण एक गोष्ट आपल्याही हातात आहे. शेख शाता यांनी भीती असतानाही दार उघडले. आपण पत्रकार दिसला की दार लावतो. अनुभव कडू आहेत, मान्य. तरी प्रामाणिक माणूस ओळखून त्याला चहाला बसवायला हवे. आणि आपल्या मुला-मुलींनीही लेखणी हाती घ्यावी. गाझाचे कवी मुसअब अबू तोहा यांना २०२५ मध्ये भाष्य विभागात पुलित्झर मिळाले, ते आपल्याच लोकांचे दुःख लिहून. डॉक्टर, इंजिनिअर घडवताना घरात एखादा पत्रकारही घडू द्या.