वेळेवर विरघळणारा धागा

जखम शिवण्याची कला भारताला नवी नाही. शण, क्षौम, केस, स्नायू इत्यादींच्या धाग्यांनी व्रण कसे सांधावेत, याचा उपदेश सुश्रुतसंहितेत आढळतो. परंतु कातडीवरचा टाका जखम भरल्यावर काढता येतो; पोटात खोलवर घातलेला टाका काढावयाचा कसा? त्यासाठी पोट पुन्हा उघडावे लागेल. म्हणून शरीरातच जिरून जाणाऱ्या धाग्याची गरज शल्यविशारदांना फार पूर्वीपासून भासत आली.

ही गरज दीर्घकाळ ‘कॅटगट’ने भागविली. नावात मांजर असले, तरी हा धागा मेंढ्यांच्या वा गुरांच्या आतड्यापासून करतात. एकोणिसाव्या शतकात जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक अम्लाचा वापर करून तो शस्त्रक्रियेस योग्य करण्याचे प्रयत्न केले. तथापि शरीर या धाग्यास परके प्रथिन समजते व एन्झाइमांच्या साहाय्याने त्याचे पचन करते. पचनाचा हा वेग प्रत्येक रोग्यात निराळा असतो आणि जखम चिघळल्यास तो वाढतो. म्हणजे आधाराची गरज जेथे अधिक, तेथेच धागा लवकर दगा देण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील एडवर्ड श्मिट व रॉको पोलिस्टिना यांना १९६७ साली पॉलिग्लायकॉलिक अम्लाच्या धाग्याचे पेटंट मिळाले. पुढे ९० भाग ग्लायकोलाइड व १० भाग लॅक्टाइड यांपासून पॉलिग्लॅक्टिन तयार झाले. या धाग्यांना तोडणारा घटक म्हणजे शरीरातील साधे पाणी. पाण्याने रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि उरलेल्या अम्लांची विल्हेवाट शरीर सहज लावते. पॉलिग्लॅक्टिनच्या धाग्यात तीन आठवड्यांनी सुमारे निम्मे बळ उरते आणि सुमारे ५६ ते ७० दिवसांत तो जिरून जातो. पॉलिडायॉक्सॅनोनच्या धाग्यास सुमारे सहा महिने लागतात.

या धाग्यांची स्तुती बहुधा ते मजबूत आहेत म्हणून केली जाते. ती अपुरी आहे. मजबुती रेशमातही असते. त्यांचा खरा गुण हा की, त्यांच्या नाहीसे होण्याचा काळ माणसाला आधी ठरविता येतो. बाळंतपणात पडलेल्या जखमेच्या टाक्यांविषयीच्या चाचण्या या दृष्टीने बोधप्रद आहेत. कॅटगटपेक्षा कृत्रिम धाग्याने मातांना पहिल्या दिवसांत वेदना कमी झाल्या. परंतु तोच धागा काहींच्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त काळ टिकला व टाके काढावे लागले. तेव्हा त्याच द्रव्याचा, सुमारे ४२ दिवसांत जिरणारा प्रकार उपयोगात आला.

यावर आक्षेप येतो तो किमतीचा. कॅटगट स्वस्त आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो निरुपयोगी ठरतो असेही नाही. भारतासह सात देशांत, १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली ‘कोरोनिस’ चाचणी झाली. सिझेरियन शस्त्रक्रियेत गर्भाशय कॅटगटने शिवले काय वा पॉलिग्लॅक्टिनने शिवले काय, परिणामांत महत्त्वाचा फरक आढळला नाही, असे तिच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. म्हणून ‘नवे तेवढे घ्यावे’ हा आग्रह शास्त्रीय नव्हे. पण ‘स्वस्त तेवढे पुरे’ हाही नव्हे. कोणता धागा वापरावा हे जखमेने ठरवावे, रुग्णालयाच्या गरिबीने नव्हे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जे पाणी धाग्याला शरीरात विरघळविते, तेच त्याला कोठारातही निकामी करते. पावसाळी हवेच्या देशात ओलावा रोखणारे वेष्टन व कोरडी साठवण यांना धाग्याइतकेच महत्त्व आहे. प्रयोगशाळेत मोजूनमापून ठरविलेला काळ कोठारातील निष्काळजीपणाने फुकट जाऊ नये. टाका वेळेआधी सुटला, तर त्याची किंमत शेवटी खाटेवरील रोग्यालाच मोजावी लागते.