‘महागाई घटली’ म्हणजे नेमके काय घटले?

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, म्हणजे २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतील नीचांकी, असे जाहीर झाले. बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या बाईला या विजयाची खूण कोठे दिसली नाही. अशा वेळी अर्थपंडित सांगतात की, तिची महागाई केवळ मनातली आहे. आणि आपले कार्यकर्ते चौकसभेत सांगतात की, सरकारी आकडेच खोटे आहेत. दोघांचेही अज्ञान एकच; पण आपल्या अज्ञानाची किंमत आपल्याला अधिक पडते. खोटा म्हणून फेकून दिलेला आकडा उद्या मालकापुढे वाटाघाटीत वापरता येत नाही.

दर म्हणजे वेग आणि भाव म्हणजे गाठलेले ठिकाण. बोरघाट चढताना गाडी मंदावली म्हणून ती कर्जतला परतली, असे कोणी शहाणा म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच दर ६.२१ टक्के होता. म्हणजे त्याआधीच्या वर्षी शंभर रुपयांना मिळणारे जिन्नस १०६ रुपये २१ पैशांवर गेले, आणि पुढील वर्षी त्यावर पाव टक्का चढून १०६ रुपये ४८ पैशांवर. दर शून्याजवळ आला खरा, पण ते साडेसहा रुपये कोणी परत केले नाहीत. ज्याची मजुरी या दोन वर्षांत वाढली नाही, त्याच्या शंभर रुपयांत जुन्या भावाचा ९४ रुपयांचाच माल येतो. त्या बाईची ‘भावना’ ती हीच. साधा भागाकार आहे!

भाजीपाल्याचे गणित याहून उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे भाव वर्षभरात ४२.१८ टक्के चढले होते; पुढील ऑक्टोबरात ते २७.५७ टक्के उतरले. ४२ मधून २७ वजा करून १५ उरले, असे मानू नये. कारण घट ही फुगलेल्या आकड्यावरची आहे. १०० चे १४२ झाले आणि १४२ चे १०३. म्हणजे शहराला भाजी जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच्या भावात मिळाली. ठीकच झाले, पण पिकविणाऱ्याला मजुरी आणि वाहतूक दोन वर्षांपूर्वीच्या भावात कोणी दिली? कांद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली ती ४० टक्के शुल्क मागे ठेवून, आणि ते शुल्क पुरते जायला एप्रिल २०२५ उजाडला. भाव चढला की लासलगावच्या शेतकऱ्याचा हात धरायचा आणि उतरला की त्याचे श्रेय आपल्या खात्यावर मांडायचे, असा हा व्यवहार आहे.

निर्देशांक कोणाच्या टोपलीवरून काढतात, हेही पाहिले पाहिजे. २०१२ च्या मालिकेत खाद्यपेयांचा भार देशासाठी ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरांसाठी ३६.२९. शिवाय भार ठरतो तो एकूण खर्चावरून, म्हणजे ज्याचा खर्च मोठा त्याची टोपली अधिक मोजली जाते. मतपेटीत तरी एका माणसाला एकच मत असते.

महागाई भत्ता कोणा अर्थमंत्र्याला आपणहून सुचलेला नाही. १९४० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी संप केला होता. ज्यांच्यामागे संघटना नाही त्यांची अवस्था मात्र १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पाहावी. तेथे किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. पुढील दहा वर्षांत निर्देशांक दीडपटीहून अधिक चढला. पेन्शन हजारावरच राहिली. तिची मूळ किंमत टिकवायची तरी २०२४ मध्ये ती दीड हजारावर हवी होती. ‘महागाई रोखा’ ही घोषणा आपण पुष्कळ दिली. आता पेन्शन आणि मजुरी निर्देशांकाला बांधा, ही मागणी आकड्यांनिशी मोर्चाच्या निवेदनात आली पाहिजे, आणि ते निवेदन वाचणाऱ्या कार्यकर्त्याला वरचा भागाकार फळ्यावर करून दाखविता आला पाहिजे.