आम्ही काय, इथले पाहुणे!

सिंगापूरला राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांनी एकदा तरी केलेली गोष्ट सांगते. कॉरिडॉरमधला दिवा गेलेला असतो, किंवा लिफ्टजवळ कोणीतरी जुनी गादी आणून टाकलेली असते. तुम्ही मोबाईलने फोटो काढता आणि 'वनसर्व्हिस' ॲपवर टाकता. दोन-चार दिवसांत दिवा लागतो, गादी नाहीशी होते. मग आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर जातात. खाली एक ओळ : "आपल्याकडे हे कधी होणार?"

हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपण अजून कमावलेला नाही, असं मला वाटतं. दिवा टाउन कौन्सिलच्या माणसाने लावला, गादी पहाटे कामावर येणाऱ्या एखाद्या बांगलादेशी सफाई कामगाराने उचलली. आपण फक्त फोटो काढला.

तुम्ही म्हणाल, मग आणखी काय करायचं? कर भरतो, भाडं भरतो, नियम पाळतो. पण इथे एक दुसरी व्यवस्थाही आहे आणि आपण रोज तिच्या दारावरून जातो. इथले दहातले जवळपास आठ रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारतींत राहतात. कांपोंगातली, म्हणजे जुन्या गावठाणातली माणसं उंच इमारतींत गेली, तेव्हा शेजार हरवला. एकाच मजल्यावर राहून कोणी कोणाला ओळखेना. त्यावर उपाय म्हणून १९७८ साली रेसिडेंट्स कमिट्या सुरू झाल्या. आता त्यांना रेसिडेंट्स नेटवर्क असंही म्हणतात. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तिथे त्यांची एखादी खोली असते. काम करणारे सगळे स्वयंसेवक. संध्याकाळी ब्लॉकमधून फेरी मारायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची चौकशी करायची, फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे ते दारोदार जाऊन सांगायचं. १९८३मध्ये जपानच्या कोबानवरून बेतलेल्या छोट्या पोलीस चौक्या इथल्या वस्त्यांत आल्या. त्यामागचा विचारही हाच होता : पोलिसाला वस्ती माहीत हवी आणि वस्तीला पोलीस.

डेंगीचं उदाहरण घ्या. २०२०मध्ये सिंगापुरात डेंगीचे पस्तीस हजारांवर रुग्ण झाले. ब्लॉकखाली लाल फलक लागला की समजायचं, या भागात दहा किंवा अधिक रुग्ण आहेत. हा डास गटारात कमी आणि आपल्या घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात जास्त वाढतो. आमच्या ब्लॉकमधल्या सत्तरीच्या एक चिनी आंटी हातात बॅटरी घेऊन दारी आल्या आणि त्यांनी थेट माझ्या तुळशीच्या कुंडीखालची ताटली दाखवली. त्यांना मराठी येत नाही, मला मँडरिन येत नाही. ताटली मी त्यांच्यासमोर उपडी केली. हे काम कोणतंही ॲप करू शकत नाही. त्याला दार वाजवणारा माणूसच लागतो, आणि तो माणूस आपल्यापैकी फार क्वचित असतो.

यावर आपली ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं : "ते सगळं सरकारचंच असतं हो." यात तथ्य आहे. या समित्या पीपल्स असोसिएशनच्या छत्राखाली चालतात. ती १९६०मध्ये सरकारने स्थापन केली आणि तिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. जिथे विरोधी पक्षाचा खासदार निवडून येतो, तिथेही या समित्यांचा सल्लागार तो खासदार नसतो, ही टीका इथे जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. पण या कारणाने दूर राहणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याऐवजी शेजाऱ्यांसाठी दुसरं काही उभं केलं? तत्त्वासाठी बाजूला राहणं वेगळं आणि कंटाळ्याला तत्त्वाचं नाव देणं वेगळं.

दुसरं उत्तर जास्त खोल रुतलेलं आहे : "आम्ही काय, इथले पाहुणे!" दोन वर्षांचा पास, मग पुढचं पुढे. हे मला चांगलं समजतं. माझं पोटही कंत्राटी संशोधनावर आहे आणि पुढचं कंत्राट कुठल्या देशात असेल ते मला ठाऊक नाही. पण २०२४मध्ये या शहराची लोकसंख्या साठ लाखांवर होती आणि त्यात अठरा लाखांहून जास्त लोक ना नागरिक होते, ना कायम रहिवासी. दहातले तीन पाहुणे! इतके पाहुणे असलेल्या घरात पाहुण्यांनी ताट उचलायचंच नाही म्हटलं तर घर चालेल कसं? आणि 'दोन वर्षं' म्हणता म्हणता ज्यांची मुलं इथे दहावीला आली, अशी घरं तुम्हालाही माहीत आहेत. परदेशी नागरिकाने इथल्या राजकारणात पडू नये, हे इथे स्पष्ट आहे. पण कुंडीखालच्या ताटलीत कसलं आलंय राजकारण?

शिवाय आपण गेलो नाही म्हणून बैठक थांबत नाही. ती आपल्याशिवाय होते आणि 'सुरक्षितता' म्हणजे काय, हे तिथे हजर असलेले ठरवतात.

२००८ सालची सेरंगून गार्डन्सची गोष्ट पाहा. बंगल्यांची, सुखवस्तू वस्ती. तिथल्या एका रिकाम्या शाळेच्या इमारतीत सुमारे हजार परदेशी मजुरांची राहण्याची सोय करण्याचा विचार पुढे आला. रहिवासी खवळले. निवेदनावर हजाराहून अधिक सह्या झाल्या. चोऱ्या होतील, कचरा होईल, रहदारी वाढेल, घरांच्या किमती पडतील, ही कारणं. सरकारने वसतिगृह रद्द केलं नाही, पण मजुरांची संख्या सुमारे सहाशेवर आणली आणि त्यांच्या ये-जा करण्यासाठी वेगळा रस्ता काढला.

"इथे वस्तीच्या म्हणण्याला काय किंमत!" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. किंमत होती. हजाराचे सहाशे झाले, रस्ता वेगळा झाला. फक्त ते म्हणणं एकाच बाजूचं होतं.

आता हे मजूर म्हणजे कोण? तमिळनाडूतून, आंध्रातून, बांगलादेशातून आलेली माणसं. तुमच्यामाझ्यासारखीच कामाच्या परवान्यावर आलेली. आपला परवाना वेगळ्या रंगाचा आणि पगार वेगळ्या आकड्याचा, इतकाच फरक. वस्तीने दूर ठेवलेल्यांचं पुढे काय होतं, ते २०२०मध्ये दिसलं. त्या वर्षअखेर सिंगापुरातल्या सुमारे साडेअठ्ठावन्न हजार कोविड रुग्णांपैकी चोपन्न हजारांहून अधिक मजुरांच्या वसतिगृहांतले होते. एका खोलीत दहा-बारा, कधी त्याहून जास्त जण, आणि आपल्या नजरेआड. आपण तेव्हा आपल्या घरी सुरक्षित होतो. होतो ना?

'परक्यांना बाहेर ठेवा म्हणजे आपण सुरक्षित', हे उत्तर चुकीचं आहे. याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्या, पण त्यात पुढारी आणि प्रतिष्ठित बसत. खोपडेंनी गल्लीतली साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यांना रोजच्या कुरबुरींवर नेमाने एकत्र बसवलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती. भिवंडी शांत राहिली. तिथे कुठलीही भिंत बांधली नव्हती की वेगळा रस्ता काढला नव्हता. ज्यांची एकमेकांना भीती वाटायची, त्यांना एका सतरंजीवर बसवलं होतं.

सेरंगून गार्डन्स आणि भिवंडी, दोन्हीकडे वस्ती सुरक्षिततेसाठीच एकत्र आली होती. फरक बैठकीला कोण होतं, याचा.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. तुमच्या लिफ्टशेजारच्या फलकावर पुढच्या वेळी ब्लॉकच्या फेरीची, सफाईची किंवा रहिवाशांच्या गप्पांची सूचना लागेल, तेव्हा फोटो काढू नका. जा. भाषा अडेल, प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर अवघडून बसावं लागेल, पहिल्या वेळी कोणी फारसं बोलणारही नाही. दुसऱ्या वेळी कोणीतरी नाव विचारेल. आणि एखाद्या दिवशी कोणी म्हणालं की खालच्या बाकांवर रविवारी ते मजूर येऊन बसतात, त्यांचा बंदोबस्त करा, तर त्या खोलीत एक माणूस असा असेल, जो म्हणेल : "बसू द्या. मीही बाहेरूनच आलेय."

तो माणूस तुम्ही नसलात, तर कदाचित कोणीच नसेल.